इशिहाराच्या प्लेट चुकल्या, म्हणून वैमानिक होणे संपले का?

चोपडा तालुक्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा यंदा गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण झाला. वैमानिक व्हायचे हे त्याने शाळेत असतानाच ठरवले होते, आणि आता शिरपूर, धुळे, जळगाव अशा तिन्ही ठिकाणी उड्डाणाचे प्रशिक्षण मिळत असल्याने घरच्यांनाही ते आवाक्यातले वाटू लागले होते. क्लास टू मेडिकलच्या, म्हणजे उड्डाण प्रशिक्षणाआधीच्या पहिल्या वैद्यकीय तपासणीच्या, वेळी मात्र रंगदृष्टी तपासणाऱ्या इशिहाराच्या पुस्तकातील काही प्लेटवरचे, म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या चित्रांतले, आकडे त्याला वाचता आले नाहीत आणि कागदावर ‘अनफिट’ असा शेरा आला. मुलाला चष्मा नाही, रस्त्यावरचे सिग्नल तो बिनचूक ओळखतो, आजवर रंगांवरून त्याचे काही अडलेले नाही. मग ठिपक्यांच्या पुस्तकावरून त्याचा मार्ग बंद करणारी ही तपासणी न्याय्य आहे का, आणि नसेल तर तिला आव्हान कसे द्यायचे, असे त्यांनी विचारले आहे.

खान्देशातल्या नेत्रतज्ज्ञाला हा विषय तसा नवा नाही. भुसावळ हे रेल्वेचे गाव असल्याने असिस्टंट लोको पायलटच्या भरतीतून ‘ए-वन मेडिकल’मध्ये रंगदृष्टीवर अडकलेली मुले आमच्याकडे वर्षानुवर्षे येत आली आहेत; वैमानिक होऊ पाहणाऱ्यांची त्यात अलीकडे भर पडली आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की आव्हान देता येते, पण ते कशाला द्यायचे हे आधी नीट ठरवले पाहिजे. ‘वैमानिकाला रंग ओळखता आलेच पाहिजेत हा नियमच चुकीचा’ असा वाद घालणारे बहुतेक हरतात. ‘माझ्या मुलाला कामापुरते रंग ओळखता येतात की नाही, हे या तपासणीने मोजलेलेच नाही’ असे म्हणणाऱ्याच्या हाती मात्र खरोखर काहीतरी असते, कारण त्या म्हणण्याला शास्त्राचा आणि आंतरराष्ट्रीय नियमाचाही आधार आहे.

आधी दोषाविषयी दोन शब्द. आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, आणि त्यांपैकी लाल किंवा हिरव्या भागाला प्रतिसाद देणारी पेशी जन्मतःच नसली वा वेगळ्या घडणीची असली, तर लाल-हिरवा रंगदोष निर्माण होतो. लालकडच्या पेशीत बिघाड असेल तर त्याला प्रोटान म्हणतात, हिरव्याकडच्या पेशीत असेल तर ड्युटान. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, भारतात ते त्याहून कमी आढळते, आणि स्त्रियांत ते फारच क्वचित दिसते, कारण हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला तो आईकडून मिळतो, म्हणून घरात मामाला किंवा आईच्या वडिलांना असा त्रास आहे का हे विचारून पाहावे. मात्र ही माहिती मिळाल्यावर सुनेला बोल लावणारे महाभागही मी पाहिले आहेत; त्यात कोणाचाही दोष नसतो, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवलेले बरे.

महत्त्वाची गोष्ट अशी की हा दोष सर्वांना सारखा नसतो. सर्वाधिक आढळणाऱ्या ड्युटेरॅनोमली या प्रकारात पेशी असते, फक्त तिची संवेदनक्षमता सरकलेली असते. त्यातही एकाचा दोष इतका सौम्य असतो की जन्मभर कळत नाही, तर दुसऱ्याची अवस्था ती पेशी मुळातच नसलेल्या माणसासारखी असते. नंदुरबारकडचा एखादा मुलगा मिरचीच्या शेतात तोडणीला उभा केला की हिरव्या पानांतली पिकलेली लाल मिरची त्याला चार पावलांवरून चटकन सापडत नाही, आणि तीच मिरची तळहातावर ठेवली तर तो ‘लाल’ म्हणून बिनचूक सांगतो. असे सांगणारे रुग्ण बरेच येतात, आणि ‘आमच्या पोराला सगळे रंग कळतात’ असे आईवडील का म्हणतात याचे उत्तर तिथेच आहे. रंग मोठ्या आकारात, जवळून, भरपूर उजेडात आणि सवडीने पाहायला मिळाला तर तो ओळखता येतो. छोटा, लांबचा आणि क्षणभरच दिसणारा असेल तर अडचण होते. रस्त्यावरच्या सिग्नलचा दाखला म्हणूनच मेडिकल बोर्डापुढे देऊ नये. तिथे लाल दिवा वर आणि हिरवा खाली ही जागा ठरलेली असते, त्यामुळे जागा पाहूनही काम भागते.

आता इशिहाराकडे वळू. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९१७ साली ही चाचणी प्रसिद्ध केली आणि तिचे मूळ काम सैन्यभरतीत चाळणी लावणे हे होते. पहिल्या प्लेटवरचा १२ हा आकडा सर्वांना वाचता येतो. चाचणी कशी द्यायची हे समजावे आणि कोणी मुद्दाम चुकीचे सांगत असेल तर कळावे, यासाठी तो असतो. पुढच्या काही प्लेटवर सामान्य नजरेला ८ दिसतो तिथे लाल-हिरवा दोष असलेल्याला ३ दिसतो, २९ च्या जागी ७० दिसतो, ७४ च्या जागी २१ दिसतो. काही प्लेटवर त्याला आकडाच दिसत नाही. शेवटी प्रकार ओळखण्यासाठी २६ आणि ४२ सारख्या प्लेट असतात, जिथे २६ मधला ६ तेवढाच वाचणारा बहुधा प्रोटान असतो आणि २ तेवढाच वाचणारा ड्युटान. चाळणी म्हणून हे पुस्तक अप्रतिम आहे, शंभर वर्षांनंतरही त्याच्याइतके स्वस्त आणि जलद साधन दुसरे नाही. परंतु दोष किती तीव्र आहे हे ते सांगत नाही. सौम्य दोष असलेला मुलगा निम्म्याहून अधिक प्लेट चुकू शकतो आणि तीव्र दोष असलेला तेवढ्याच चुकतो. चुकलेल्या प्लेटची संख्या मोजून ‘हा वैमानिक होऊ शकत नाही’ असा निष्कर्ष काढणे हे त्या पुस्तकाकडून त्याचे नसलेले काम करून घेणे आहे.

शिवाय हे पुस्तक ज्या रीतीने वापरायला हवे त्या रीतीने ते नेहमीच वापरले जात नाही. प्लेट दिवसाच्या नैसर्गिक उजेडात, किंवा त्याच रंगतापमानाच्या प्रमाणित दिव्याखाली, साधारण ७५ सेंटिमीटर अंतरावर, नजरेच्या रेषेला काटकोनात धरायची असते आणि उत्तर ३ सेकंदांत यायला हवे. आकड्यावरून बोट फिरवू द्यायचे नसते, कारण घामाने आणि तेलकटपणाने शाई खराब होते. ज्या प्लेटवर वाट शोधून दाखवायची असते तिथे ब्रश वापरायचा असतो. पुस्तक उन्हात उघडे पडले की रंग विटतात आणि ते बदलावे लागते. आता आपल्याकडचे वास्तव पाहा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की दवाखान्याच्या खिडक्यांवर आणि पुढच्या गच्चीवर हिरवी शेडनेट बांधली जाते, आणि तिच्यातून गाळून आलेला उजेड हिरवट असतो. त्या उजेडात, किंवा पिवळ्या बल्बखाली, किंवा कुठल्याही स्वस्त एलईडीखाली प्लेट दाखवली तर ठिपक्यांचा समतोलच बदलतो. यात निकाल दोन्ही बाजूंनी चुकू शकतो हे लक्षात घ्यावे: पिवळ्या बल्बच्या उजेडात ड्युटान मुलगा काही प्लेट जास्तीच्या वाचून जातो आणि उत्तीर्ण होतो. म्हणजे खराब उजेडाचा फायदा मिळालेला मुलगा पुढे व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या क्लास वन मेडिकलला अडकतो, तोवर घरच्यांनी फी भरलेली असते.

गुण देण्याची पद्धतही सर्वत्र एक नाही. २४ प्लेटच्या आवृत्तीत पहिल्या १५ प्लेटचा निकाल धरतात आणि त्यांपैकी १३ किंवा अधिक बरोबर आल्या तर रंगदृष्टी सामान्य समजावी, ९ किंवा कमी आल्या तर सदोष समजावी, असे पुस्तकाच्या सूचनेतच आहे. ३८ प्लेटच्या आवृत्तीत पहिल्या २१ प्लेट धरतात आणि सामान्य नजरेसाठी १७ ची मर्यादा आहे. युरोपीय नियमात मात्र त्याच १५ प्लेट क्रम बदलून दाखवतात आणि एकही चूक चालत नाही. सामान्य रंगदृष्टीचा माणूसदेखील कधीमधी एखादी प्लेट चुकतो, त्यामुळे शून्य चुकीची अट ठेवायचीच असेल, तर मागे दुसरी आणि अधिक चांगली तपासणी उभी असणे क्रमप्राप्त ठरते. युरोपने ती ठेवली आहे: इशिहारात नापास झालेल्याला नागेलचे अ‍ॅनोमॅलोस्कोप (लाल-हिरवा प्रकाश मिसळून रंग जुळवायला लावणारे यंत्र), लँटर्न (छोटे रंगीत दिवे ओळखायला लावणारी चाचणी) किंवा संगणकीय चाचणी देता येते.

हा ‘मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या तपासणी’चा मुद्दा सर्वांत जास्त वजनाचा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, पहिल्या परिशिष्टात वैमानिकांच्या वैद्यकीय पात्रतेचे नियम आहेत आणि भारत त्या संघटनेचा सदस्य आहे. त्यात मूळ अट अशी आहे की कामाच्या सुरक्षिततेसाठी जे रंग ओळखणे आवश्यक आहे ते उमेदवाराला सहज ओळखता आले पाहिजेत. जगात जितके रंग आहेत तितके ओळखा, असे नियम म्हणत नाही. पुढे प्लेटची तपासणी सांगितली आहे, तीही दिवसाच्या किंवा समकक्ष उजेडात करावी असे स्पष्ट म्हटले आहे. आणि त्यानंतरचे कलम असे की प्लेटमध्ये समाधानकारक गुण न मिळालेल्या उमेदवाराला, हवाई मार्गदर्शनात वापरले जाणारे रंग सहज वेगळे करता येत असतील आणि रंगीत वैमानिकी दिवे बरोबर ओळखता येत असतील, तर पात्रच ठरवावे. हे दोन्ही जमले नाही तरच तो अपात्र. तिथेही क्लास टू साठी ‘फक्त दिवसा’ अशा बंधनासह मुभा ठेवलेली आहे. आपल्या मुलाला पहिल्याच पायरीवर ‘अनफिट’ लिहून परत पाठवले असेल आणि दुसरी पायरी दाखवलीच नसेल, तर न्याय-अन्यायाचा प्रश्न तिथे उपस्थित होतो.

मग ‘आवश्यक रंग’ कोणते? विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. रात्री समोरचे विमान येते आहे की जाते आहे हे त्यावरून कळते. रेडिओ बंद पडला तर नियंत्रण मनोऱ्यावरून दिव्याने खुणा करतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. धावपट्टीच्या सुरुवातीला हिरवे दिवे, शेवटी लाल, धावपट्टीकडे नेणाऱ्या टॅक्सीवेच्या कडेला निळे. मोठ्या धावपट्टीवर मध्यरेषेचे दिवे शेवटच्या ९०० मीटरपर्यंत पांढरे, मग लाल-पांढरे आलटून पालटून आणि शेवटचे ३०० मीटर लाल असतात. कॉकपिटमध्ये धोक्याची सूचना लाल आणि सावधगिरीची पिवळसर असते, पण तिच्यासोबत अक्षरे असतात आणि बऱ्याचदा आवाजही असतो. रंगदोष असलेल्या वैमानिकांच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य युक्तिवाद हाच आहे की यातील बहुतेक ठिकाणी रंग एकटा नसतो. जागा, आकार, अक्षर किंवा आवाज तीच माहिती दुसऱ्यांदा देत असतो.

हा युक्तिवाद बऱ्याच अंशी खरा आहे, परंतु एका ठिकाणी तो लंगडा पडतो, आणि तिथे आपण डोळेझाक केली तर बोर्डापुढे पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडू. ते ठिकाण म्हणजे पापी नावाची दिव्यांची ओळ. धावपट्टीच्या बाजूला एका रांगेत चार दिवे असतात. विमान योग्य उतारावर असेल तर वैमानिकाला दोन पांढरे आणि दोन लाल दिसतात. उंची जास्त झाली की पांढरे वाढतात, कमी झाली की लाल वाढतात, आणि चारही लाल दिसले की विमान धोकादायकरीत्या खाली आहे. दिवे चारच, एकसारखे आणि एका ओळीत. प्रत्येकाबद्दलचा निर्णय रंगावरूनच करायचा असतो. त्यातच हवा धुरकट असली की पांढरा दिवा पिवळसर होऊन लालच्या दिशेने झुकतो, आणि प्रोटान माणसाला लाल प्रकाश मुळात मंद दिसतो.

याचे उदाहरण म्हणून २६ जुलै २००२ ची घटना नेहमी पुढे केली जाते. फेडएक्सचे बोइंग ७२७ मालवाहू विमान पहाटेपूर्वीच्या अंधारात अमेरिकेतील टॅलाहासी येथे उतरत असताना धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर आदळले. विमान नष्ट झाले, तिघेही कर्मचारी जखमी होऊन वाचले. विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाला तीव्र रंगदोष होता आणि शेवटच्या टप्प्यात पापीचे दिवे विमान खाली असल्याचे दाखवत होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत त्या रंगदोषाचा समावेश केला. विरोधक इथे थांबतात. परंतु त्याच अहवालात थकवा, कार्यपद्धतीचे पालन न होणे आणि कॅप्टन व फ्लाइट इंजिनिअर यांनी लक्ष न ठेवणे हीही कारणे नोंदवलेली आहेत. म्हणजे सहवैमानिकाबरोबर बसलेल्या इतर दोघांनाही त्या लाल दिव्यांनी सावध केले नाही. मला यातून दोन्ही पक्षांसाठी बोध दिसतो. रंगदोषाने काही बिघडत नाही, असे म्हणता येत नाही. आणि हा सहवैमानिक अनेक वर्षे मेडिकलमधून पार होत आला होता, म्हणजे जुन्या चाचण्या सौम्य दोषवाल्याला अडवतात आणि तीव्र दोषवाल्याला कधीकधी सोडूनही देतात. असे दोन्हीकडे चुकणारे साधन बदलून घेण्यात प्रवाशांचेही हित आहे, आणि माझ्या मते आव्हानाची मांडणी याच दिशेने व्हावी.

जगात ती तशी झालीही आहे. ऑस्ट्रेलियात आर्थर पेप या डॉक्टर असलेल्या वैमानिकाने १९८७ साली आपल्यावरील बंधनांविरुद्ध प्रशासकीय अपील न्यायाधिकरणात दाद मागितली, आणि १९८९ साली डेनिसन या वैमानिकाचे प्रकरण चाचणी-खटला म्हणून सविस्तर चालले. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, कॉकपिटमधला एकेक रंग कशासाठी आहे याची छाननी झाली, आणि निकाल वैमानिकांच्या बाजूने लागल्यानंतर तिथे रंगदोष असलेल्यांना व्यावसायिक उड्डाणाची दारे बरीच उघडली. ब्रिटनने निराळा मार्ग घेतला. तिथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने लंडनच्या सिटी विद्यापीठाकडून पापीच्या कामावर आधारित संशोधन करून घेतले आणि २००९ साली त्यातून कॅड नावाच्या संगणकीय चाचणीच्या मर्यादा निश्चित झाल्या. सामान्य नजरेच्या मध्यम उंबरठ्याला १ एकक धरले, तर ड्युटानांना ६ एककांपर्यंत आणि प्रोटानांना १२ एककांपर्यंत मुभा आहे. या मापाने रंगदोष असलेल्या उमेदवारांपैकी सुमारे एक तृतीयांश जण सुरक्षित ठरतात, म्हणजे इशिहारात नापास झालेल्या तिघांतला एक जण विनाकारण बाहेर राहत होता. मात्र उरलेले दोघे योग्य कारणाने बाहेर राहतात, हेही त्याच संशोधनाने सांगितले. अमेरिकेने १ जानेवारी २०२५ पासून नव्या उमेदवारांसाठी पुस्तकाऐवजी मान्यताप्राप्त संगणकीय चाचण्या बंधनकारक केल्या आहेत.

भारतात न्यायालयांचा कल काय आहे, हेही पाहावे. वैद्यकीय अभ्यासक्रमाला रंगदोषामुळे प्रवेश नाकारल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तज्ज्ञ समिती नेमायला लावली आणि सरसकट बंदीचा फेरविचार घडवून आणला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या संकलन अभ्यासक्रमाबाबत २०२२ साली त्याच न्यायालयाने रंगदोष असलेल्यांना दार बंद करू नये असे सांगितले. वाहन परवान्याच्या नियमातही २०२० साली सुधारणा होऊन सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांना परवाना मिळण्याची सोय झाली. या सर्वांत समान धागा असा की दोषाची तीव्रता आणि कामाची गरज पाहून निर्णय घ्यावा. तरीही याच निकालांवर विसंबून विमानाच्या प्रकरणात उडी घेऊ नये, कारण तिथे शेकडो प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असतो आणि वैद्यकीय मंडळाच्या मताच्या जागी स्वतःचे मत ठेवायला न्यायालये सहसा तयार होत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत रंगदोष नाही, त्यामुळे तो आधारही थेट मिळत नाही. ही मुले दिव्यांग म्हणून मोजली जात नाहीत आणि निरोगी म्हणून घेतली जात नाहीत, ही अडचण खरी आहे. पण तिच्याबद्दल हळहळून मेडिकल बदलत नाही. ‘तपासणी नियमाप्रमाणे झाली नाही’ किंवा ‘नियमातली दुसरी पायरी नाकारली गेली’ हा मुद्दा मात्र न्यायालयाला हाताळता येतो.

म्हणून आधी निदान पक्के करून घ्यावे. ज्यांचा मेडिकलशी संबंध नाही अशा नेत्रतज्ज्ञाकडून योग्य उजेडात, प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र, पुन्हा तपासणी करावी. दोन डोळ्यांत फरक निघाला, किंवा पूर्वी वाचता येणाऱ्या प्लेट आता वाचता येत नसतील, तर तो दोष जन्मजात नसून नंतर आलेला असू शकतो. क्षयावरच्या एथॅम्ब्युटॉल या गोळीनेही दृष्टिनाडीवर परिणाम होऊन लाल-हिरव्यात गोंधळ होतो, आणि तिथे मेडिकलपेक्षा उपचाराची घाई असते. जन्मजातच असेल तर फार्न्सवर्थची डी-१५ ही रंगीत टोप्यांची चाचणी करून घ्यावी. १५ टोप्या रंगाच्या क्रमाने लावायच्या असतात आणि सौम्य दोष असलेला मुलगा त्या बहुधा व्यवस्थित लावतो, तीव्र दोष असलेल्याची रांग आडवीतिडवी फिरते. तिथेच अर्धे चित्र स्पष्ट होते. पुढे मोठ्या शहरात अ‍ॅनोमॅलोस्कोप किंवा संगणकीय चाचणी मिळाली तर प्रकार आणि तीव्रता आकड्यात हाती येते. अहवालात पुस्तकाची आवृत्ती, दाखवलेल्या आणि चुकलेल्या प्लेट, उजेड आणि दोषाचा प्रकार हे सगळे लिहून मागावे. ‘कलर व्हिजन डिफेक्टिव्ह’ एवढ्या तीन शब्दांच्या अहवालाचा अपिलात काहीही उपयोग होत नाही.

त्यानंतर ज्या कागदावर ‘अनफिट’ आले आहे त्याची प्रत घ्यावी आणि डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, लेखी विनंती करावी की इशिहाराच्या पुढची, वैमानिकी दिवे ओळखण्याची तपासणी घेण्यात यावी. अपिलाची मुदत पाळावी, तोंडी आश्वासनावर बसून राहू नये. आपल्याच तपासणीचा तपशील मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो आणि त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तरीही दुसरी पायरी नाकारली गेली तर उच्च न्यायालयात रिट अर्जाचा मार्ग आहे. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ आहे. वकील निवडताना त्यांना आयकाओच्या त्या कलमाची प्रत आणि तीव्रतेचा अहवाल सोबत द्या. डी-१५ मध्येच तीव्र दोष निघाला असेल, तर मात्र मी रिट करण्याचा सल्ला देणार नाही. खर्च होईल, वर्षे जातील, आणि दिव्यांची तपासणी मिळूनही निकाल तोच येईल.

काही पळवाटांविषयी पालक दबक्या आवाजात विचारतात, त्यांचे उत्तर उघडपणे देतो. प्लेट पाठ करून जाण्याचा सल्ला देणारे लोक आहेत. क्रम बदलला की ती पाठांतराची इमारत कोसळते, आणि न कोसळता मुलगा पार झाला तर एका रात्री पापीसमोर तो एकटा असेल. लाल रंगाची लेन्स किंवा रंगीत चष्मा दोष बरा करत नाही, फक्त काही छटांची उजळता बदलतो, आणि वैमानिकी तपासणीत तो चालत नाही. एका डॉक्टरकडचा निकाल लपवून दुसऱ्याकडे जाणेही नको. आधीच्या तपासणीची तारीख, ठिकाण आणि निकाल उमेदवाराने स्वतःच्या सहीने घोषित करायचा असतो, आणि खोटी घोषणा सापडली तर मग रंगदृष्टीचा प्रश्नच उरत नाही.

पैशाच्या बाबतीत एकच सांगतो. व्यावसायिक वैमानिक परवान्याचे प्रशिक्षण चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जाते, आणि केळीच्या दोन चांगल्या हंगामांच्या भरवशावर किंवा शेत गहाण ठेवून तो खर्च उचलणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत. ज्याला रंगदृष्टीची जराही शंका आहे त्याने क्लास वन मेडिकल हातात येईपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलमध्ये परत न मिळणारी रक्कम भरू नये, मग प्रवेश देणारा कितीही ‘मेडिकलचे आम्ही बघून घेऊ’ म्हणत असो.

अपिलाला किती महिने लागतील हे आपल्या हाती नाही, त्यामुळे यंदाच्या सीईटीच्या प्रवेशफेऱ्या सोडू नका. अभियांत्रिकीला प्रवेश घेऊन ठेवला तर अपील त्यामुळे बिघडत नाही. ‘फक्त दिवसा’ अशा बंधनासह क्लास टू मिळाले तर खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी त्याचा विचार करता येतो, मात्र त्यावर एअरलाइनची नोकरी मिळत नाही. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पदासाठीही रंगदृष्टी तपासतात, म्हणून तो पर्याय समजून तिकडे वळू नये. ड्रोनचे मात्र वेगळे आहे: २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण एवढीच पात्रता आहे, आणि फवारणीच्या ड्रोनला चोपडा-रावेर पट्ट्यात आज मागणी आहे. तीव्र दोष निघालेल्या मुलांपैकी जे उडवण्याच्या ओढीनेच आलेले असतात, त्यांना मी हा मार्ग पहिल्या भेटीतच सांगतो.